सापाचे अंग बाहेर आले तर आधी ओलावा, मग बाकी सगळे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पाळीव सापाच्या शेपटीच्या मुळाशी लालभडक मांसाचा गोळा लोंबताना दिसला की घरातली पहिली धाव हळदीच्या डब्याकडे जाते. दुसरा कोणी खोबरेलाची बाटली आणतो, तिसरा बोटाने तो गोळा आत ढकलून पाहतो, आणि संध्याकाळपर्यंत तो भाग काळा पडलेला असतो. म्हशीचे अंग बाहेर आले तर काय करायचे, हे कोकणातल्या कुठल्याही गोठ्यात ठाऊक असते. सापाचे आले तर काय, हे साप विकणाराही सांगत नाही. बॉल पायथन, कॉर्न स्नेक, केनियन सँड बोआ हे परदेशी साप आता मुंबई-पुण्यापुरते राहिलेले नाहीत. रत्नागिरी, चिपळूण, कणकवलीच्या घरांतही ते दिसतात. म्हणून हे पत्र. ते नेहमीच्या पत्रांपेक्षा बरेच लांब आहे. जागा अपुरी पडली तर पुढचे चार परिच्छेद तरी छापावेत, बाकीचे कापले तरी हरकत नाही.

सापाला विष्ठा, घट्ट पांढरी लघवी आणि अंडी किंवा पिल्ले या सगळ्यांसाठी बाहेर पडायची वाट एकच असते : शेपूट सुरू होते तिथली आडवी चीर. तिच्या आतल्या पोकळीला अवस्कर म्हणतात. कुंथताना जोर जास्त झाला की त्या पोकळीचे अस्तर, मोठे आतडे, मादीची अंडनलिका किंवा नराचे लिंग यांपैकी काहीतरी चिरेतून बाहेर सरकते. चीर त्याभोवती आवळली जाते, आत गेलेले रक्त परत फिरत नाही, भाग सुजतो. सुजला म्हणून आत जात नाही, बाहेर राहिला म्हणून सुकतो, आणि सुकला की मरतो. हे सारे काही तासांचे काम आहे. साप तो भाग पेटीच्या तळाशी घासत फिरत असेल तर आणखी लवकर. त्यामुळे घरच्या माणसांनी तो भाग ओला, स्वच्छ आणि जिवंत ठेवून डॉक्टरांपर्यंत पोचवायचा, एवढेच त्यांचे काम.

आधी सापाला पेटीतून बाहेर काढा. कोकोपीट, लाकडाचा भुसा किंवा वाळूचा कणही तिथे चिकटता कामा नये. झाकणाला भोके असलेला प्लास्टिकचा डबा घ्या आणि तळाला पांढरे टिश्यू पेपर सलाईनमध्ये भिजवून अंथरा. पांढरेच घ्या, म्हणजे रक्त किंवा विष्ठा आली तर लगेच दिसते. औषधाच्या दुकानातली नॉर्मल सलाईनची बाटली सर्वांत उत्तम. रात्री-अपरात्री ती मिळाली नाही तर अर्धा लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्यावे आणि त्यात साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा पाऊण सपाट चमचा मीठ विरघळवावे. सुई काढलेल्या १० मिलिच्या सिरिंजने हलक्या धारेने तो भाग धुवावा. कापसाने पुसू नये, कारण त्याचे तंतू चिकटून बसतात. धुतल्यावर पाण्यात विरघळणारी निर्जंतुक जेली जाड थरात लावावी. दुकानदार बहुतेकदा जेली म्हटल्यावर लिग्नोकेनची, म्हणजे बधिर करणारी ट्यूब पुढे करतो. ती घेऊ नये. शे-दीडशे ग्रॅमच्या सापाला लिग्नोकेनची मात्रा चटकन विषासारखी होते. साधी, औषध नसलेली जेली मागावी. ती नसेल तर दर दहा-पंधरा मिनिटांनी सलाईन सोडत राहावे.

सूज दिसत असेल तर साखर कामाला येते. दोन मोठे चमचे उकळून गार केलेल्या पाण्यात साखर टाकत ढवळत राहायचे, तळाशी थोडी विरघळेनाशी झाली की थांबायचे. या पाकात स्वच्छ गॉजची पट्टी बुडवून ती बाहेर आलेल्या भागाभोवती सैल गुंडाळावी आणि १५ ते २० मिनिटे तशीच ठेवावी. दाट पाकामुळे सुजलेल्या भागातले पाणी बाहेर ओढले जाते आणि गोळा लहान होतो. गाईचे अंग आत घालण्याआधी पशुवैद्यक साखर चोळतात ते याच कारणासाठी. मग पट्टी काढून सलाईनने सगळा चिकटा धुऊन टाकायचा आणि पुन्हा जेली लावायची. गूळ किंवा काकवी वापरू नये, त्यात कचरा असतो. मिठाचे खडे तर मुळीच नकोत, ते भाग जाळतात. आणि साखर म्हटली की आपल्याकडे पाच मिनिटांत मुंग्यांची रांग लागते. डबा पाण्याच्या परातीत ठेवा, नाहीतर एका दुखण्यातून दुसरे उभे राहील. साखरेने भाग आपोआप आत गेला तर चांगलेच, पण डॉक्टरांकडे जायचे चुकत नाही. ज्या कारणाने कुंथावे लागले ते कारण आत तसेच असते.

न करण्याच्या गोष्टींचीही कारणे सांगतो, कारण नुसते ‘करू नका’ म्हटले की कोणी ऐकत नाही. हळद आणि राख ओल शोषून घेतात आणि पापुद्रा धरतात. तो काढताना अस्तर सोलून निघते. खोबरेल किंवा एरंडेल लावले की त्यावर साखर आणि सलाईन दोन्ही काम करत नाहीत. डेटॉल आणि पातळ न केलेले बिटाडीन उघड्या अस्तराला भाजते. बर्फ थेट लावला तर आधीच रक्त कमी पोचणारा भाग गारठून मरतो. बोटाने ढकलले आणि गोळा आत गेला, तरी आतडे आत दुमडलेलेच राहण्याचा धोका असतो. बाहेरून सगळे ठीक दिसते आणि दोन-तीन दिवसांनी साप फुगून मरतो. दोरा बांधून कापण्याचा सल्ला देणारेही भेटतात. आतडे असे कापले तर पोटात घाण सांडते आणि सापाला कोणी वाचवू शकत नाही.

बाहेर आले आहे ते नेमके काय, हे ओळखता आले तर डॉक्टरांना फोनवर सांगायला उपयोगी पडते. चिरेच्या मधोमध गुळगुळीत, चकचकीत गोळा असून त्याच्या टोकाला भोक दिसत असेल आणि तिथून विष्ठा येत असेल, तर ते आतडे. भोक आहे, पण भिंतीवर उभ्या चुण्या आहेत आणि साप मादी आहे, तर बहुधा अंडनलिका. चिरेच्या एका बाजूने, भोक नसलेला, खरखरीत किंवा काटेरी कोंब आला असेल तर ते नराचे लिंग. सापाला अशी दोन लिंगे असतात. ती शेपटीच्या मुळात आतल्या बाजूला असतात आणि वापरताना मोज्यासारखी उलटी होऊन बाहेर येतात. चिरेभोवती नुसते लाल कडे फुगले असेल तर ते अवस्कराचे अस्तर. सापाला मूत्राशय नसतोच, त्यामुळे ‘लघवीची पिशवी बाहेर आली’ हे निदान कोणी दिले तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारावे. कासवांना आणि काही पाली-सरड्यांना मूत्राशय असतो, तिथून हा घोटाळा होतो.

रंगावरून वेळ कळतो. ओला, गुलाबी ते लाल, सलाईन सोडल्यावर चमकणारा भाग जिवंत आहे. जांभळा झाला म्हणजे रक्त अडले आहे, तासाभराचाही उशीर नको. तपकिरी, राखाडी किंवा काळा, कोरडा, वास येणारा भाग मेला. तो आता आत घालायचा नाही, काढायचाच. यातही फरक आहे. नराचे लिंग मेले तर डॉक्टर ते कापून टाकतात आणि साप सुखाने जगतो, कारण लघवीचा मार्ग त्यातून जात नाही आणि दुसरे शाबूत असेल तर तो पुढे जोडीही करतो. मेलेले आतडे मात्र पोट उघडून, खराब तुकडा काढून जोडावे लागते. ते मोठे काम आहे आणि त्यात साप दगावण्याचा संभव बराच असतो.

काही वेळा उगाच धावपळ होते, तीही टाळावी. विष्ठा टाकताना नराचे लिंग क्षणभर बाहेर येऊन आपोआप आत जाते. कात टाकल्यावर शेपटीच्या मुळापाशी पिवळट, सुकलेल्या काड्या सापडतात. तो साठलेला वीर्याचा सुका भाग असतो. पाच-दहा मिनिटांत आत न जाणारी गोष्ट हाच खरा प्रश्न.

प्रवासाबद्दल. साप पाहणारे पशुवैद्यक कोकणात फार थोडे, त्यामुळे अनेकांना कुंभार्ली, आंबा किंवा आंबोली घाट चढून कराड, कोल्हापूर नाहीतर पुण्या-मुंबईकडे जावे लागते. निघण्याआधी फोन करा आणि त्या दिवशी साप पाहणारे डॉक्टर तिथे आहेत याची खात्री करा. रस्त्यात तीन-चार तास घालवून ‘आम्ही साप बघत नाही’ हे उत्तर ऐकण्यात अर्थ नाही. कापडी पिशवीत साप नेऊ नका, कापड ओल शोषते आणि भागाला घासते. डबा २६ ते २८ अंशांवर ठेवायचा : थंडीत बाजूला कोमट पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून, उन्हाळ्यात गाडीचा एसी मंद ठेवून. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत साप पंधरा मिनिटांतही मरू शकतो. दर अर्ध्या तासाने झाकण उघडून सलाईन सोडा. खायला काही देऊ नका. सापाने अलीकडे टाकलेली विष्ठा असेल तर ती छोट्या डबीत, फ्रीजमध्ये ठेवलेली (फ्रीझरमध्ये नव्हे) सोबत न्या. जंतांची तपासणी ताज्या विष्ठेवरच होते. वजन ग्रॅममध्ये मोजून न्या. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा त्यासाठी पुरेसा आहे आणि औषधाची मात्रा त्याच आकड्यावर ठरते.

आता कारणे. खरे पाहता या पत्राचे मर्म इथेच आहे, कारण परत आत घातलेले अंग पुन्हा बाहेर येते ते इथल्याच चुकांमुळे.

पहिले कारण थंडी. साप स्वतःची उष्णता तयार करत नाही. पेटीतली ऊब कमी पडली की अन्न पचत नाही, आतड्याची हालचाल मंदावते, खडा धरतो आणि साप कुंथतो. बॉल पायथनला पेटीच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश लागतात. कॉर्न स्नेकला २८ ते ३१ आणि २२ ते २५. केनियन सँड बोआला उबेच्या टोकाला ३२ ते ३५. कोकणात गरमीच असते, मग हीट मॅट, म्हणजे पेटीला ऊब देणारी विजेची चटई, कशाला, हा प्रश्न हमखास विचारला जातो. मे महिन्यात ते बरोबरही आहे. पण जुलैच्या संततधारेत घरातली फरशी गार पडते, आणि डिसेंबर-जानेवारीत दापोलीसारख्या उंचावरच्या गावांत पहाटे चांगलाच गारठा असतो. मॅट लावलीच तर थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या तापमानाला ती आपोआप बंद करणाऱ्या यंत्राशिवाय, लावू नये. नुसती मॅट ४५ अंशांपलीकडे जाऊन पोटाची त्वचा भाजते, आणि सापाला ते वेळेवर कळत नाही. थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅटवर चिकटवायचा, पेटीच्या हवेत लटकवायचा नाही.

वीज जाते तेव्हा काय, हाही आपल्याकडचा प्रश्न आहे. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ येऊन गेल्यावर रायगड आणि उत्तर रत्नागिरीच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. छोटी मॅट १५ ते २० वॉटची असते, इन्व्हर्टर ती सहज ओढतो. तेही नसेल तर थर्माकोलच्या खोक्यात सापाचा डबा ठेवून बाजूला गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून ठेवाव्यात आणि वीज येईपर्यंत सापाला खायला देऊ नये. भरल्या पोटी गारठलेला साप शिकार ओकून टाकतो. आणि ओकल्यावर लगेच पुन्हा भरवू नये. दहा ते चौदा दिवस पोटाला विश्रांती देऊन मग नेहमीच्या निम्म्या आकाराची शिकार द्यावी.

दुसरे कारण पाणी. हवा दमट असली म्हणजे सापाला पाणी मिळाले असे होत नाही. भांडे रिकामे, गढूळ किंवा सापाच्या आकाराला अपुरे असेल तर तो पीत नाही. त्वचेला चुण्या पडणे, तोंडातली लाळ चिकट तारेसारखी होणे, कात तुकड्या-तुकड्यांनी निघणे आणि पांढरी लघवी दगडासारखी कडक पडणे ही कोरडे पडल्याची लक्षणे. असा कडक खडा चिरेशी येऊन अडकला की साप कुंथून-कुंथून अंग बाहेर काढतो. जेवल्यानंतर कॉर्न स्नेकने आठवडाभर, बॉल पायथनने तीन-चार आठवडे काहीच टाकले नाही आणि पोटाचा मागचा भाग कडक लागत असेल, तर २८ ते ३० अंशांच्या कोमट पाण्यात २० मिनिटे बसवावे. पाणी सापाच्या अर्ध्या उंचीइतकेच घ्यायचे आणि पूर्ण वेळ समोर बसायचे. दोन-तीन दिवस करून फरक नसेल तर डॉक्टर. एरंडेल तोंडात ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. सापाची श्वासनलिका जिभेच्या लगेच मागे, तोंडाच्या तळाशीच उघडते. साबणाच्या पाण्याचा एनिमाही नको.

तिसरे कारण खाणे. शिकार सापाच्या सर्वांत जाड भागापेक्षा जाड नसावी. पिल्लाला पाच ते सात दिवसांनी, मोठ्या कॉर्न स्नेकला दहा ते चौदा दिवसांनी, मोठ्या बॉल पायथनला दोन-तीन आठवड्यांनी एकदा खाणे पुरते. कोकणी पाहुणचाराची सवय सापावर काढायची नसते : चरबी साचलेल्या मादीला अंडी घालताना त्रास होतो आणि चरबीच्या दाबाने अंग बाहेर येते. गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून, मग पिशवीत घालून ४० अंशांच्या पाण्यात गरम करावा आणि देण्याआधी दाबून पाहावा. मधोमध गोठलेला राहिला तर पोटात सडतो. स्वस्त पडतात म्हणून नुसती कोंबडीची एक दिवसाची पिल्ले खाऊ घालणारे बरेच आहेत. त्यावर साप जगतो, पण विष्ठा पातळ आणि दुर्गंधी होते, चीर सतत ओली राहते. उंदराला पर्याय म्हणून पिल्ले अधूनमधून ठीक, रोजचे जेवण म्हणून नव्हे.

चौथे, तळाला काय अंथरले आहे. सँड बोआला वाळू लागते म्हणून पुळणीवरून बादलीभर आणणारे आहेत. त्या वाळूत मीठ आणि शंख-शिंपल्यांचा चुरा असतो. शिकारीला चिकटून तो पोटात जातो आणि आतड्यात साचतो. नदीची बारीक, अनेक पाण्यांनी धुऊन उन्हात खडखडीत वाळवलेली वाळू घ्यावी आणि शिकार वेगळ्या, कोरड्या डब्यात द्यावी. कोकोपीट आपल्याकडे मुबलक मिळते आणि कॉर्न स्नेक-पायथनला चालते, पण पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते आणि पोटाचे खवले तपकिरी होऊन सडू लागतात. जून ते सप्टेंबर साधे वर्तमानपत्र अंथरावे आणि ओले झाले की बदलावे. संपादक महोदय, आपल्या अंकाचा हा उपयोग सांगितल्याबद्दल क्षमा असावी. पण आजारी सापासाठी यापेक्षा चांगले अंथरूण नाही.

पाचवे कारण जंत आणि त्यांचे भाऊबंद. जिवंत, बाहेर पकडलेले उंदीर, पाली, बेडूक खाऊ घातले की ते येतातच. अमिबाचा एक प्रकार, एन्टामिबा इन्व्हाडेन्स, सापाच्या मोठ्या आतड्याला जबर सूज आणतो. विष्ठेत शेंबूड आणि रक्त दिसते आणि साप थोड्याच दिवसांत जातो. कासवाच्या पोटात मात्र हाच अमिबा काही त्रास न देता राहतो. म्हणून साप आणि कासव एका पेटीत किंवा एकाच पाण्याच्या भांड्यावर ठेवणे म्हणजे विस्तवाशी खेळ. शेळ्या-मेंढ्यांचे जंताचे औषध अंदाजाने पाजण्याचा प्रकारही थांबायला हवा. फेनबेंडाझोल या जंतनाशकाची मात्रा वाढली तर सापाच्या रक्तपेशी कमी होतात. मेट्रोनिडाझोल हे अमिबावरचे औषध जास्त झाले तर तोल जातो, झटके येतात.

सहावे कारण मादीचे अडणे. कॉर्न स्नेक आणि बॉल पायथन अंडी घालतात, सँड बोआ आणि मोठा बोआ पिल्ले देतात. नर जवळ नसतानाही कॉर्न स्नेकची मादी वांझ अंडी घालते, त्यामुळे ‘एकटीच आहे, अंडी कुठली’ हा विचार चुकीचा. मादी काही अंडी घालून थांबली, दोन दिवस झाले आणि पोटात अजून गाठी लागतात, तर ती अडली असे समजावे. अशा वेळी बोटाने अंडी खाली सरकवायचा मोह होतो. तोच अंडनलिका फाटण्याचा आणि बाहेर येण्याचा मोठा मार्ग आहे. ओल्या शेवाळाने भरलेला, एक भोक असलेला बंद डबा तिला अंडी घालायला आधीपासून द्यावा. आडोसा नसला की मादी अंडी धरून ठेवते.

नराच्या बाबतीत दोष बहुतेकदा माणसाचाच. नर की मादी पाहायला अंगठ्याने दाबून लिंग बाहेर काढणे किंवा चिरेत सळई घालणे हे नवख्याने करूच नये. जोडी लागलेली असताना घाबरून दोघांना ओढून वेगळे केले तर नराचे लिंग फाटते, सुजते आणि आत जात नाही. जोडी सुटायला कित्येक तास लागतात, लागू द्यावेत.

उपचार करून आणलेल्या सापाला पांढऱ्या कागदावर, लपायला एका डब्यासह आणि रोज बदललेल्या पाण्यासह ठेवावे. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय खायला नाही. सहसा दहा-पंधरा दिवस उपास घडतो आणि धडधाकट सापाला तो सोसतो. पहिली शिकार नेहमीच्या निम्म्याने लहान. डॉक्टरांनी चिरेला टाके घातले असतील तर पहिली विष्ठा होईपर्यंत त्यांच्याकडे दिवसातून दोनदा पाहावे. चिरेच्या वर फुगवटा येत असेल तर टाके जास्त आवळले गेले आहेत, म्हणजे वाट बंद झाली.

आता दोन शब्द आमच्याच व्यवसायबंधूंसाठी, म्हणजे पशुवैद्यकांसाठी. साप आला की दवाखान्यातून परत पाठवायची गरज नाही; बिनविषारी, पाळीव, नोंदणीचा साप असेल तर काम गाई-म्हशींच्या ओळखीचेच आहे, फरक थोडे आहेत. चिरेभोवती बटव्याच्या नाडीसारखा फिरता टाका घालू नये. चिरेच्या दोन्ही टोकांना एकेक आडवा टाका, बारीक नायलॉनने, मधून विष्ठा-लघवी जाईल एवढी जागा ठेवून. साधारण दोन ते तीन आठवडे. भूल आणि वेदनाशामक द्यावे, साप ओरडत नाही म्हणून त्याला दुखत नाही असे नाही. इंजेक्शन शरीराच्या पुढच्या तिसऱ्या भागात द्यावे, कारण मागच्या भागातले रक्त आधी मूत्रपिंडाकडे जाऊ शकते. सेफ्टाझिडिम हे प्रतिजैविक किलोमागे २० मिलिग्रॅम दर ७२ तासांनी पुरते; रोज देण्याची सवय इथे मोडावी लागते. जेंटामायसिन हाताशी असते, पण कोरड्या पडलेल्या सापाची मूत्रपिंडे ते निकामी करते. आधी सलाईन, दिवसाला किलोमागे १० ते ३० मिलि, आणि ऊब. गारठलेल्या सापात कोणतेच प्रतिजैविक नीट काम करत नाही.

कायद्याची बाजू स्पष्ट असावी. धामण, नाग, अजगर, मांडूळ, डुरक्या घोणस यांसारखे आपले देशी साप घरात ठेवणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे, आजारी म्हणून ‘बरा होईपर्यंत’ ठेवणेही. केनियन सँड बोआ सांगून आपलाच देशी साप गळ्यात मारणारे विक्रेते आहेत, घेताना कागद पाहावेत. बॉल पायथनसारख्या परदेशी प्रजातींची नोंद २०२४ च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते; जन्म, मृत्यू आणि हस्तांतरणही कळवावे लागते. नोंद नाही म्हणून घाबरून साप डॉक्टरांकडे न नेणे हे वाईट, आणि रानात सोडून देणे त्याहून वाईट. रस्त्यावर चाकाखाली येऊन अंग बाहेर आलेली धामण किंवा घोणस दिसली तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा, लोकांना दूर ठेवावे आणि लांबूनच सावली करावी. जखमी घोणस किंवा फुरसे मेल्यासारखे पडून राहते आणि हात जवळ गेला की चावते. त्याला साखर-सलाईन लावायला कोणी जाऊ नये.

शेवटी एक मागणी. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड या तिन्ही जिल्ह्यांच्या पशुसंवर्धन विभागांनी सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्यकांची यादी, वार आणि वेळेसह, प्रत्येक तालुका दवाखान्याच्या फळ्यावर लावावी आणि घाटापलीकडच्या ज्या दवाखान्यांत ही शस्त्रक्रिया होते त्यांचे क्रमांक त्याखाली द्यावेत.

कळावे,
आपला नम्र,
एक पशुवैद्यक, जि. रत्नागिरी
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)